प्रकाश्याची पांढर

प्रकाश्याला माणसं जातात ती दोन कारणांनी. एक तर केदारेश्वराच्या आणि पुष्पदंतेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर घरातलं कोणी गेलं असेल तर तापी-गोमाईच्या संगमावर क्रियाकर्म करायला. काशी करून आलं तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं आमच्याकडे मानतात. दक्षिण काशी म्हणतात ना! लग्न होऊन मी नंदुरबारला आले त्याला बारा वर्षं झाली. तेवढ्यात चार-पाच वेळा सासरच्या मंडळींबरोबर माझंही तिथं जाणं झालं. नारळ फोडला, घाटावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला, संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. गेल्या माघात मात्र मी तिसऱ्याच कारणानं गेले. माती बघायला.

"माती काय बघायची बाई? ती तर दारातसुद्धा आहे!" असं शेजारच्या काकू म्हणाल्याच. म्हणून आधी जरा या मातीविषयी सांगते.

आपल्या गावांचे पूर्वापार दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढर. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढर म्हणजे वस्तीची जागा. काळी का म्हणतात ते खानदेशात कुणाला सांगायला नको. पण वस्तीच्या जागेला पांढर का म्हणायचं? एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली, की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणाचं सारवण, गुरांचे गोठे, खरकटं, फुटकी मडकी हे सगळं तिथंच जिरतं आणि माती पांढुरकी, भुसभुशीत होते. जुनं घर पडतं, त्याच्यावरच नवं उभं राहतं. असं करत करत जमीनच वर येते आणि टेकाड होतं. म्हणजे बघा, काळी नांगरानं होते आणि पांढर चुलीनं! पुराणवस्तूंचे अभ्यासकही जुनी वस्ती शोधायला निघतात तेव्हा गावात आल्यावर पहिल्यांदा हेच विचारतात, "तुमच्याकडे पांढरीचं टेकाड आहे का?"

हे मला ठाऊक, कारण कॉलेजात असताना असल्या एका टेकाडावर मी पंधरा दिवस काम केलं आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हां आठ जणांना गोदावरीकाठच्या एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून नेलं. पगार नाही, राहायला तंबू आणि दोन वेळचं जेवण. आईला वाटलं होतं, पोरगी सोन्याच्या मोहरा शोधायला चालली. मलाही थोडं तसंच वाटत होतं म्हणा ना.

तिथं पहिले तीन दिवस मला कुणी खुरपीला हात लावू दिला नाही. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून चौकोन आखलेले. एकेका चौकोनात दोन-दोन मजूर, गावातल्याच बाया आणि बाप्ये. माती खणायची नाही, खरवडायची. खुरपी आडवी धरायची आणि जरा रंग बदलला की थांबायचं. मग कुंचल्यानं झाडायचं, चिठ्ठी लावायची, चित्र काढायचं, आणि ते झालं की पुढचा थर. काढलेली माती पाटीनं वर न्यायची आणि चाळणीतून चाळायची. चाळणीत उरतं ते खापर, हाड, मणी. आपण तांदूळ निवडतो ना, अगदी तसंच. म्हणून की काय कोण जाणे, चाळणीवर बायांचाच हात बसलेला होता. त्यांतली एक म्हातारी तर अनवाणी पायानं सांगायची, "इथं घर व्हतं, इथं अंगण." चोपलेल्या जमिनीवर पाय पडला की तिला समजायचं. मोजमाप करणारे साहेबसुद्धा तिला विचारल्याशिवाय पुढं सरकत नसत.

आम्हां मुलींच्या वाट्याला आली खापरं धुणं. सकाळी टोपल्या यायच्या. पाण्यात भिजवून, जुन्या दातब्रशनं घासून चटईवर उन्हात वाळवायची आणि मग दौतीच्या काळ्या शाईनं प्रत्येकावर बारीक अक्षरात थराचा नंबर घालायचा. हजारो खापरं! पहिल्या दिवशी रडू आलं. भांडी घासायची ती घरीही होतीच की, मग इथं कशाला आले? पण चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला समजायला लागलं. हा काठ घागरीचा, हा तव्याचा, ही परळ. याची बाहेरची बाजू काजळली आहे, म्हणजे हे चुलीवर चढत होतं. एकदा खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मला बारीक बारीक रेघा दिसल्या, एकावर एक, पिवळट आणि करड्या. सर म्हणाले, "ओळखा पाहू." मुलांना येईना. मी म्हटलं, "सर, हे सारवण आहे. दर सणाला जमीन सारवली की एक रेघ." सर खूष झाले. मला वाटलं, अरे, एवढं सारवण आयुष्यभर केलं त्या बाईनं, आणि ते कुणीतरी मोजलं एकदाचं!

त्या पंधरा दिवसांत सोनं काही निघालं नाही. पण थराचं महत्त्व तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. वस्तू कितीही सुंदर असो, ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली हे कळलं नाही, तर ती मुकी होते. मग ती नुसती शोभेची.

नंतर लग्न, मुलं, सकाळचे डबे, आणि आता एका शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या वर्गातल्या मुलींना इतिहास म्हणजे रायगड, पुणे, फार तर दिल्ली. नंदुरबारचं नाव निघालं तर १९४२ सालच्या ९ सप्टेंबरला गोळ्या झेललेला शिरीषकुमार. तो तर हवाच! पण त्याच्या आधी इथं काही नव्हतंच, अशी सगळ्यांची समजूत. गेल्या वर्षी रोमन साम्राज्याचा विषय निघाला, तेव्हा एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "बाई, सगळं तिकडंच झालं. आपल्याकडे काय?" मला ते लागलं.

त्याच सुमाराला इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचे फोटो आले. ती पंधरा दिवस व्हिंडोलांडा नावाच्या ठिकाणी उत्खननाला स्वयंसेवक म्हणून गेली होती. उत्तर इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीजवळ रोमन सैन्याचं ठाणं होतं, त्याची ही जागा. तिथं म्हणे लोक पैसे भरून माती उपसायला जातात, आणि जागा भराभर भरतात. बहीणबाई गुडघाभर काळ्या चिखलात आणि चेहऱ्यावर लग्नातल्यासारखा आनंद! त्या ओल्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड आणि चामडंसुद्धा टिकलं आहे. हजारो चपला-बूट निघाले, त्यांत लहान मुलांचेही आहेत. १९७३ पासून तिथं लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडत गेली. त्यांतलं एक सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं सुल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावलं आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या मायेच्या चार ओळी तिनं स्वतः लिहिल्या. स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लॅटिन अक्षर क्वचितच मिळतं. ते पत्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

बहिणीनं खाली लिहिलं होतं, "तुमच्याकडे असलं काही नाही का गं?"

आहे की! बहिणीला आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला एकदमच उत्तर द्यायचं ठरवलं.

प्रकाश्याच्या टेकाडाचं उत्खनन १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं केलं. प्रमुख होते बी. के. थापर. पुढं राजस्थानातल्या कालीबंगनच्या उत्खननातही ते होते आणि नंतर सर्वेक्षणाचे महासंचालकही झाले. त्या वेळी आपला नंदुरबार जिल्हा नव्हता. तो झाला १९९८ च्या १ जुलैला, धुळ्यातून निघून. थापरांच्या अहवालात जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश असं आहे. हा अहवाल सर्वेक्षणाच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकात १९६४-६५ च्या अंकात छापला गेला. मी तो पूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयात चाळला होता, तेव्हा प्रकाशा कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं! आता पुन्हा मिळवला आणि डिक्शनरी शेजारी घेऊन रात्री जेवणं आटोपल्यावर वाचला. आमच्या ह्यांना वाटलं, मी कसल्यातरी परीक्षेला बसते आहे.

टेकाडात वस्तीचे ५० फुटांहून जास्त जाडीचे थर निघाले. त्याचे चार काळ पाडले आहेत. सगळ्यांत खालचा इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमाराला सुरू होतो. त्यात दगडाची बारीक पाती, थोडं तांबं आणि काळ्या रंगानं नक्षी काढलेली लाल भांडी आहेत. मग मध्ये खंड पडला. गाव ओस पडलं. पुन्हा माणसं आली ती लोखंड घेऊन, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास. तिसरा काळ सातवाहनांचा आणि त्यानंतरचा, चौथा थेट अकराव्या शतकापर्यंतचा. शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी ३००० वर्षांहून जास्त जुनं हे गाव! मुलींना फळ्यावर हिशेब करून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासला.

पण मला अहवालातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट खालच्या काळातल्या वरच्या थरांची. तिथं दोन तऱ्हांची भांडी जवळजवळ मिळाली आहेत. एक चकाकी असलेली लाल, गुजरातच्या बाजूची. दुसरी जोर्व्याची. जोर्वे म्हणजे प्रवरेकाठचं, संगमनेर तालुक्यातलं गाव. तिथं १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, म्हणून त्या भांड्यांना जोर्व्याचं नाव पडलं. लांब नळीचा गडू ही त्यांची खूण. आता माझं माहेर संगमनेर तालुक्यातलंच! तीन हजार वर्षांपूर्वी माझ्या माहेरच्या घाटाचा गडू माझ्या सासरी पोचला होता तर. आणि आमच्या जाऊबाई सुरतेकडच्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरही हा प्रकार चालूच आहे म्हणायचा, तिचा ढोकळ्याचा डबा आणि माझा उखळ-बत्ता.

आणि रोम? तेही सांगते. त्यासाठी प्रकाश्याहून जरा पश्चिमेला, नर्मदेच्या मुखाशी भडोचला जायला हवं.

दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तहून निघालेली जहाजं पावसाळी वाऱ्याच्या जोरावर भडोचला लागत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं या प्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस मोठा नीटस. वाण्याच्या वहीसारखी त्याची यादी आहे. भडोचला काय उतरतं? इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, अंजन, आणि सोन्याचांदीची नाणी, कारण ती बदलली की नफा होतो. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं. शिवाय अंतःपुरासाठी सुंदर मुली, त्याही मालाच्याच यादीत. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. त्या मुली कुठल्या, त्यांच्या आया कोण, हे त्यानं लिहिलेलं नाही.

इथून काय जाई? हस्तिदंत, पिंपळी, अकीक आणि सगळ्या तऱ्हेचं सुती कापड. तो पुढं म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिकडून माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला आणतात. नकाशा पुढे घ्या. पैठणहून भडोचला जायचं तर तापी ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नाही! त्या तापीच्या काठी त्या काळात प्रकाशा नांदतं होतं. तिसऱ्या काळाच्या थरांत तिथं एक लाल, गुळगुळीत, हात लावला तर आरशासारखी वाटणारी भांडी निघतात. अशी भांडी गुजरातभर मिळतात. पूर्वी तज्ज्ञांना ती रोमन भांड्यांची नक्कल वाटे. नंतर बहुतेकांचं मत पडलं की ती गुजरातचीच. ते काही का असेना, त्या वाटेवरचा माल प्रकाश्यात उतरत होता एवढं त्यावरून दिसतं.

त्या वेळी तापी ओलांडायला नावेला पैसे पडत. नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्यानं कुठल्या नद्यांवर फुकट नाव ठेवली ते सांगितलं आहे, आणि त्यात तापी आहे! बाकीची नावं पारडा, दमणा, डहाणुका अशी किनाऱ्याकडची, तेव्हा ही नाव प्रकाश्याला नसून खाली सुरतेकडे असणार. तरी नदी आपलीच. त्याच लेण्यात त्याची बायको दक्षमित्रा हिनं एक खोली दान दिल्याचा वेगळा लेख आहे. खोलीला शब्द वापरला आहे 'ओवरक'. आपली देवळातली ओवरी ती हीच.

रोममध्ये मात्र या व्यापारानं काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्लिनी नावाच्या विद्वानानं हिशेब मांडला की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल दहा कोटी सेस्टर्स आपल्याकडून ओढून नेतात, आणि याचं खापर त्यानं चैनीवर आणि बायकांवर फोडलं. पुरुषांची इटालियन दारू त्या यादीत आहे, हे सोयीस्कर विसरून! हा प्लिनी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक वीतभर भारतीय हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली. तिच्यासारख्याच मूर्ती आपल्याकडे तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. उलट बाजूनं कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन हा त्यांचा समुद्रदेव निघाला, ब्राँझचा. तो तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये उभा आहे. कोल्हापूरला अंबाबाईला जाल तेव्हा त्यालाही भेटून या.

तर अशी सगळी शिदोरी घेऊन माघातल्या एका रविवारी मी, सासूबाई आणि सातवी-आठवीच्या सहा मुली नंदुरबारहून निघालो. रस्ता मिरच्यांचा. दोन्ही बाजूंना लाल सतरंज्या पसराव्यात तशी वाळवणं पडलेली आणि एस.टी.त सगळ्यांना शिंका. पुढं पपया, केळी, ऊस. मग तापीचा मोठा पूल आला. प्रकाशा आणि सारंगखेडा इथं बॅरेज झाल्यापासून तापीत पाणी साठून राहतं. सासूबाईंच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडत. त्यांना हे भरलेलं पाणी अजून परकं वाटतं.

देवदर्शन झालं. (सासूबाईंपुढे ते आधीच करावं लागलं, माझा बेत बाजूलाच राहिला.) मग काठाकाठानं टेकाडाकडे गेलो. सांगण्यासारखं तिथं काही दिसत नाही हे आधीच कबूल करते. खांब नाही, मूर्ती नाही, तिकीट नाही. चढ, बाभळी, शेळ्या. पण पावसानं ओघळ पडले आहेत तिथं उभी माती उघडी पडली होती. मुलींना म्हटलं, "पाच मिनिटं बोलायचं नाही. नुसतं बघायचं." आधी त्या हसल्या. मग एकीला राखेची पट्टी दिसली, दुसरीला खापराचा काठ, तिसरीनं हाड दाखवलं. आमची ती मागच्या बाकावरची मुलगी एका जागी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, इथं जळलंय." करड्या मातीत लालभडक भाजलेला एक गोलसर डाग, खाली पांढरी राख. चूल! ती कुठल्या शतकातली हे मी सांगू शकत नाही, पण ती चूल होती यात शंका नाही.

"काढू का बाई एक तुकडा?" लगेच विचारलं गेलंच. मी नाही म्हटलं. उत्खनन हे परवाना घेतलेल्यांनीच करायचं, असा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन मिळालं तर कलेक्टरना कळवायला हवं, हा कायदा तर १८७८ सालचा. पण मुलींना मी कायद्याऐवजी माझं उन्हातलं चटईवरचं काम सांगितलं, शाईचे नंबर आणि थर. त्यांना ते पटलं. आम्ही वह्यांत चित्रं काढली.

तेवढ्यात शेळ्या वळणारी एक आजी जवळ आली. आम्ही काय बघतो आहोत ते तिनं विचारलं आणि खो खो हसली. "हाई माटी? धाबावर टाकाले हाईच माटी लई जाऊत आम्ही!"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हां, आमना गावलेबी तसंच."

नव्या मुलींना धाबं माहीत नसेल. खानदेशात घराला कौलं नसत. लाकडी सऱ्यांवर काड्या आणि पाला अंथरायचा, त्यावर मातीचा हातभर थर, झालं सपाट छत. त्याला पांढरीची माती सगळ्यांत चांगली, कारण ती बसली की पाणी झिरपू देत नाही. दरवर्षी आखाजी झाली की मृग लागायच्या आत नवी माती चढवायची. डोक्यावर पाट्या घेऊन बायाच ती आणत. म्हणजे पांढर झिजली ती नदीनं, पावसानं आणि आमच्या सासूबाईंच्या डोक्यावरून. कुणी काय म्हणावं? घर गळत असताना सातवाहन कुणाला आठवणार?

हे मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण वैशाखात ते दारात येऊन उभं राहिलं.

आमचं मूळ गाव तापीकाठचंच, इथून फार लांब नाही. तिथलं धाब्याचं घर चुलतदिरांनी पाडायला काढलं, स्लॅब टाकायचा म्हणून. छताची माती अंगणात आली आणि सुट्टीचे चार दिवस मी, माझी दोन मुलं आणि शेजारच्या पोरी चाळण्या घेऊन बसलो. काय निघालं म्हणता? दोन घमेली खापरं, जात्याच्या तळीचा तुकडा, मातीचे मणी, शंखाच्या बांगडीचे तीन तुकडे, त्याच ढिगात एक नवा पैसा आणि प्लास्टिकची गुंडी. सगळे काळ एकाच घमेल्यात. थर केव्हाच मोडलेले, तेव्हा कुठली वस्तू कुणाची हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सासूबाईंनी बांगडीचा तुकडा मनगटाशी धरून बघितला. "बारीक हातनी व्हती," एवढंच म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढंच होती. घरामागं पांढरीचा अजून पुरुषभर उंच कडा उभा आहे. जोत्यात भर घालायला तोच जे.सी.बी.नं ओढायचा, असं दिरांनी ठरवलेलं. मशीन सांगूनही झालं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, एवढा भाग ठेवा." ते भले माणूस, पण व्यवहारी. म्हणाले, "वहिनी, मुरमाला पैसे पडतात. ही फुकट माती. आणि ठेवून काय करायचं? कोण येणार आहे बघायला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, कोण येणार होतं? प्रकाश्याला थापर येऊन गेले त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. मी त्यांना सारवणाच्या रेघा दाखवल्या, राख दाखवली. ते ऐकत होते, पण डोळे घड्याळाकडे.

सासूबाई ओट्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले आखाजीले जे पैसा दिन्हात ना, त्यामातून मुरूम आन. ती माटी ऱ्हाऊ दे तठेच." दीर म्हणाले, "मोठी माय, तू बी?" त्यावर त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या सासूची चूल त्याच कड्याखाली होती, आणि त्या मशीनचा दात तिच्यावर चाललेला त्यांना बघवणार नाही. रोमन, सातवाहन यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

मुरमाच्या तीन ट्रॉल्या आल्या. पैसे निम्मे सासूबाईंनी दिले, निम्मे दिरांनी मुकाट्यानं. कड्याची डावी बाजू, जी आधीच ढासळली होती, ती माती मात्र जोत्यात गेली. मी कड्याचे फोटो काढले, फूटपट्टी शेजारी धरून, सरांनी शिकवलं होतं तसे, आणि गावाच्या नकाशासह राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे रजिस्टर पोस्टानं पाठवले. पोचपावती आली आहे. पावसानं कडा खचू नये म्हणून दिरांनीच पुढं होऊन त्याला पऱ्हाट्या रचल्या आणि वर ताडपत्री टाकली. गुरांना तेवढाच आडोसा झाला, असं ते म्हणतात.

प्रकाश्याला जायचं असेल तर दिवाळीनंतर होळीपर्यंत जावं. नंदुरबारहून आणि शहाद्याहूनही एस.टी. आहेत. उन्हं लवकर चढतात, तेव्हा सकाळी निघावं, पाणी आणि भाकरी बरोबर ठेवावी. दत्तजयंतीच्या सुमाराला गेलात तर सारंगखेड्याची घोड्यांची यात्राही होईल, मुलांना फार आवडते. देवळं बघून झाली की एक अर्धा तास टेकाडासाठी राखून ठेवा. चढावर पायात चप्पल घट्ट असू द्या, बाभळीचे काटे फार. खापर दिसलं तर वाकून बघा आणि तिथंच राहू द्या.

आमच्या गावचा कडा पऱ्हाट्यांखाली आहे, दसरा झाला की त्या काढणार आहोत. शाळेतल्या सहाजणींनी आत्तापासून नावं नोंदवली आहेत, आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं घरून जुना दातब्रश आणून ठेवला आहे. खणायचं नाही हे तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, छताच्या मातीतली दोन घमेली खापरं अजून धुवायची राहिली आहेत ना!